फळीमागची खूण

आमच्या टोळीत त्याला सगळे उस्ताद म्हणत. सुरुवातीला चेष्टेने म्हणत. ही चेष्टा आहे हे त्याला कधी कळलं नाही, म्हणून नाव टिकलं.

इमारतींच्या भिंतींत ग्लासवूल म्हणजे काचेची लोकर भरायची आणि वरून फळ्या बसवायच्या, हे आमचं काम. घर हिवाळ्यात ऊब धरतं, उन्हाळ्यात तापत नाही, विजेचं बिल कमी येतं, ते या लोकरीमुळे. बावीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. तेवढ्या काळात त्याने माझ्या एकाही भिंतीला बरं म्हटलं नाही. "तू ठासतोस," म्हणायचा. "लोकर बसवायची असते. ठासली की मेली." बोलणं खरं होतं. ठासलेल्या लोकरीत हवा उरत नाही, आणि ऊब हवाच धरते. फक्त मी ठासत नव्हतो.

त्याचं स्वतःचं घर मात्र बघण्यासारखं होतं. जुन्या इमारतीत दोन खोल्या, भिंतींना ओल, खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, घरातही गळ्याला मफलर गुंडाळून असायच्या. मागच्या हिवाळ्यात त्यांचा खोकला छातीत उतरला, दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, या ओलीत आणखी एक हिवाळा काढू नका.

वहिनींची अट एकच होती. गल्ली सोडायची नाही. समोरची शिंपीण एका देशाची, न्हावी दुसऱ्या, भाजीवाला तिसऱ्या. वहिनी तिघांशी तीन भाषांत भांडतात आणि त्यांतली एकही भाषा त्यांना धड येत नाही. "नवीन ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून भांडायला शिकू का?" असं त्यांचं म्हणणं.

उस्तादने गल्लीतली अकरा घरं नापसंत केली. त्याच्या खिशात कायम रेशमाचा दोरा असतो. तो खिडकीच्या सांध्यापाशी धरायचा. दोरा वाऱ्याने हलला की, "पुढचं दाखवा."

बारावं घर कोपऱ्यावरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. या इमारतीच्या भिंती अकरा वर्षांपूर्वी आमच्याच टोळीने भरल्या होत्या. त्याला परवडेल असं गल्लीत हे शेवटचंच घर. दुसरं गिऱ्हाईकही तयार होतं, संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. उस्ताद वहिनींना आणि मला बरोबर घेऊन गेला. हवेत गारठा सुरू झाला होता. जिन्यातच त्याचं सुरू झालं, "तिसरा मजला माझ्या हातचा. आठवतं ना?"

मला चांगलं आठवत होतं. त्या वेळी त्याची कंबर धरली होती आणि तो घरी आडवा पडला होता. तिसरा मजला मी एकट्याने केला. नऊ दिवस. लिफ्ट बंद, सगळ्या गुंडाळ्या खांद्यावरून चढवल्या. पण हे बोललो असतो तर तो उलट्या पावली खाली उतरला असता, आणि वहिनींचा पुढचा हिवाळाही त्याच ओलीत गेला असता.

"तुझ्याच हातचा," मी म्हणालो. नऊ दिवसांची मेहनत दोन शब्दांत देऊन टाकली.

घर दाखवणाऱ्या बाईने दाखला पुढे केला. "काका, वीजबचतीत सगळ्यात वरचा वर्ग आहे."

"कागद नको. कागद कुठल्याही भिंतीवर चिकटतो."

त्याने प्रत्येक खिडकीशी दोरा धरला. दोरा ढिम्म. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून तो मीटरच्या शेजारची फळी खोलायला लागला.

"काका, असं उघडता येत नाही हो!"

"माझी भिंत मी उघडतोय. यात माझा गोल आहे, दाखवतो तुम्हाला."

शेवटची फळी बसवण्याआधी तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आपली खूण करायची, ही आमची रीत. त्याचा गोल, माझ्या दोन रेघा.

फळी निघाली. मागे दोन रेघा, खाली तारीख. उस्ताद बघत राहिला. मग त्याने लोकरीत बोट खुपसलं आणि काढलं. ठासलेली लोकर दबते ती दबलेलीच राहते. ही पुन्हा फुलली. त्याने दुसऱ्या जागी बोट घातलं. तिथेही फुलली.

"गोल कुठाय, काका?" बाईंनी विचारलं.

"पुसला असेल. पेन्सिलच ती. अकरा वर्षं झाली."

माझ्या रेघा मात्र ठळक होत्या. वहिनींनी त्या पाहिल्या. उस्तादच्या डब्यावरही तोच गोल होता आणि तो डबा बावीस वर्षं त्यांनीच घासला होता. त्यांनी बाईंना एवढंच विचारलं, "हीटर चालू आहे का हो?"

"छे, दोन महिने घर बंदच आहे."

वहिनींचा मफलर त्यांच्या हातात होता. कधी सोडला, त्यांनाही कळलं नसावं. उस्तादने मफलरकडे पाहिलं, मग फळीकडे. फळी जागेवर लावली आणि चारही स्क्रू एकेक करून आवळले. घाई केली नाही.

"घेतो," तो म्हणाला. "फळी जरा वाकडी बसवलीय. चालवून घेऊ."

फळी सरळ होती.

ऐन थंडीत मी त्यांच्याकडे गेलो. उस्ताद बनियनवर बसला होता. वहिनी खिडकी उघडून खालच्या भाजीवाल्याशी त्याच्या भाषेत भांडत होत्या. आवाज खणखणीत, मध्ये एकदाही खोकल्या नाहीत.

"हीटर अजून एकदाही लावला नाही," उस्ताद म्हणाला. जरा थांबला. मला वाटलं, आता बोलतो. "काहीही म्हण, खिडकीवाल्याने काम चोख केलंय."

वहिनींनी भांडण अर्ध्यावर सोडलं, खिडकी लावली आणि आत गेल्या. चहा घेऊन आल्या. पहिला कप नवऱ्याच्या नाकासमोरून नेऊन माझ्या हातात दिला.

"घ्या, खिडकीवाले भावोजी."

उस्ताद खिशातला दोरा काढून खिडकीचा सांधा तपासायला उठला.