तिगावचा तिकीटबाबू

तिगाव स्टेशन इंग्रजांच्या काळातलं. तिथला तिकीटबाबू स्वतःला त्याहून जुना समजायचा. खिडकीशी गेलं की विचारी, "कायले चालले?" कारण पटलं तरच तिकीट.

एकदा मी पोरीची सोयरीक मोडायला नागपूरला निघालो. होणाऱ्या व्याह्यानं मला चारचौघांत कंजूष म्हटलं होतं.

"रागातल्या माणसाले मी तिकीट देत नाही, भाऊ."

"गाडी काय तुह्या बापाची आहे?"

"पाहा, अजून तापूनच राहिले तुम्ही!" म्हणत त्यानं पाण्याचा गिलास पुढे सरकवला.

फुकट प्रवास मी जन्मात केला नाही. गाडी माझ्यासमोरून निघून गेली.

सोयरीक टिकली. पोरगी सुखात आहे. पण जावई तिगावला उतरला, की आधी त्या बाबूच्या पाया पडतो. मी बाजूला पिशवी धरून उभा असतो.