जिनोआत पेडणेकर आणि काकी

प्रवासातलं सामान दोन दिवसांत कपाटात जातं, किस्से मात्र कुठेच ठेवता येत नाहीत. दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीहून जेबेल अलीच्या ऑफिसला आम्ही तिघं एका गाडीने जातो. मी, पेडणेकर आणि गाडीचा मालक बिजू. ईदच्या सुट्टीत मी आणि पेडणेकर घरच्यांना घेऊन इटलीतल्या जिनोआला गेलो होतो. तेव्हापासून ट्रॅफिक तुंबलं, की एक किस्सा निघतोच. परवा बिजू वैतागून म्हणाला, "भाई, चार दिन गये थे या चार साल?"

जिनोआच का? आम्ही शिपिंगवाले. या पोर्टचं नाव रोज टाइप करतो, पण पाहिलं कधीच नव्हतं. माझी बायको वृषाली म्हणाली, "लोक पॅरिसला जातात. तुम्ही सुट्टीतही ऑफिसच्याच कामाला निघालात!"

*

स्टेशनवर उतरलो. पेडणेकरने फोनमधला मॅप बघितला आणि टॅक्सीला सरळ नाही म्हटलं. "हॉटेल इथेच आहे रे, चालत जाऊ. यल्ला!"

गल्ली वळली आणि समोर पायऱ्या! त्या संपल्या तर पुढे आणखी पायऱ्या. दुबईत आमचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे पार्किंगचा रॅम्प. पेडणेकर बॅग छातीशी धरून मधेच बसला. मी म्हटलं, "काय रे, मॅप चुकला?"

"अंतर बरोबर आहे," तो धापा टाकत म्हणाला, "पण ते उभं आहे!"

*

माझी मुलगी अन्वी दुबईतच जन्मली. जिनोआत डोंगराच्या पोटात लिफ्ट आहे. खालच्या रस्त्यावर आत शिरायचं, वरच्या रस्त्यावर बाहेर पडायचं. लिफ्टचं दार उघडलं तर समोर झाडं, बाकं, फिरणारी माणसं. अन्वी गोंधळली. "Baba, which building is this?"

"बिल्डिंग नाही गं, रस्ता आहे हा."

तिने जरा विचार केला. "So the road has a lift, and our hotel doesn't?"

*

वरच्या कठड्यावरून सगळं शहर दिसत होतं. पिवळी, गुलाबी घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी असल्यासारखी, खाली निळं पाणी. सगळे समुद्राचे फोटो काढत होते. पेडणेकरचा कॅमेरा मात्र बंदरातल्या क्रेन आणि कंटेनरवर.

वृषाली म्हणाली, "भाऊजी, आता तरी ते डबे सोडा ना!"

त्याने कॅमेरा खाली घेतला. "वहिनी, इतकी वर्षं माल पाठवतोय. तो खरंच कुठेतरी पोहोचतो, हे आज कळलं."

मीही गुपचूप एक फोटो काढला, त्याच डब्यांचा.

*

पेडणेकरची आई म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकी. वेंगुर्ल्याच्या. काका गेल्यावर पेडणेकरने त्यांना दुबईला आणलं. घरात दोघंच. काकी फारशा बाहेर पडत नाहीत. कधीही बोलवा, उत्तर एकच, "नको रे, गुडघे."

जिनोआत काकी सगळ्यांच्या पुढे! साडी जराशी वर खोचून, भिंतीला हात लावत भराभर वर. गल्लीवर वाळत घातलेल्या चादरी बघून खूश. मागून पेडणेकर ओरडला, "आई, गुडघे!"

काकींनी वळूनही पाहिलं नाही. "ते दुबईत दुखतात. तिथे जायचं कुठे?"

*

शेवटच्या दिवशी काकी हरवल्या. आम्ही एका दुकानात शिरलो, बाहेर येऊन बघतो तर काकी नाहीत. फोन लागत होता, त्या उचलत नव्हत्या. आधी सगळे म्हणालो, येतील. मग शोधायला लागलो. पेडणेकर एका गल्लीत शिरायचा, परत यायचा, दुसरीत शिरायचा. भेटेल त्याला हाताने उंची दाखवून "मम्मा, साडी, मम्मा" म्हणत होता. त्याचा चेहरा मला बघवेना.

शेवटी अन्वीला दिसल्या. वरच्या एका अरुंद गल्लीत, उघड्या दारासमोर दोन खुर्च्या. एकीवर काकी, दुसरीवर त्यांच्याच वयाची एक इटालियन बाई. मधे परात, आणि दोघी पावट्यासारख्या शेंगा सोलत होत्या.

पेडणेकर आधी रडवेला झाला, मग भडकला. "आई! फोन का नाही उचललास?"

"बोलत होतो ना आम्ही."

"कुठल्या भाषेत? तुला इटालियन येतं?"

"तिला तरी मराठी कुठे येतं?"

"मग बोललात काय एवढं?"

काकींनी हातातली शेंग सोलली, दाणे परातीत टाकले.

"तिचाही मुलगा घरी उशिरा येतो."

पेडणेकर त्यांच्या पायाशी पायरीवर बसला आणि त्याने परातीतली एक शेंग उचलली.