पाट्या पुसट दिसतात

माझ्या दाजींनी जन्मात कधी स्वतःची चूक कबूल केली नव्हती. चहा सांडला तर कप तिथे ठेवणाऱ्याची चूक, चाक पंक्चर झालं तर रस्ता बांधणाऱ्याची. माझ्या ताईने हे संसारभर ऐकून घेतलं, कारण एका बाबतीत त्यांच्याकडे खरंच कुणी बोट दाखवू शकत नव्हतं, ती म्हणजे गाडी. शाळेची व्हॅन ते इतकी वर्षं चालवत होते, की लहानपणी त्यांच्या गाडीतून शाळेत गेलेल्या मुली आता आपली पोरं त्यांच्या हवाली करत होत्या. गाडीला कधी साधा ओरखडा नाही. पोरं त्यांना व्हॅनकाका म्हणायची आणि आयांचा त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास होता.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची बोळकांडी. टेबलावर उघडी पडलेली मशिनं, खाली वायरींचा गुंता, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक चिडूनच आलेलं. त्यामुळे माझंही डोकं पटकन सटकतं, हे आधीच सांगून ठेवतो.

दाजींना संध्याकाळी करमेना, म्हणून मी त्यांना एक कॉम्प्युटर जोडून दिला आणि त्यात ट्रक चालवायचा गेम टाकला. टेबलाला आवळून बसवायचं स्टिअरिंगही दिलं. मला वाटलं, चार दिवसांची हौस. पण माणूस असा रमला की विचारू नका. माल भरायचा, अनोळखी रस्त्यांवरून पाट्या वाचत वाचत निघायचं आणि कुठल्या तरी गोदामात नेऊन टाकायचा. वळताना दाजी खुर्चीतल्या खुर्चीत कलायचे. ताई म्हणायची, "दिवसभर गाडी, संध्याकाळी गाडी. मलाच एक हॉर्न बसवून घेते, म्हणजे तरी माझ्याकडे बघाल."

मग एक दिवस दुकानात फोन आला. "अरे, तुझा कॉम्प्युटर गंडलाय. चित्र साफ नाही. पाट्या पुसट दिसतात. वळण मागे गेल्यावर कळतं, की वळायचं होतं."

"दाजी, सेटिंगमध्ये जा. तिथे ग्राफिक्स म्हणून असेल."

"मला शिकवू नको. येऊन बघ."

रविवारी दुपारी गेलो. गेम चालू केला, तर मला चित्र चांगलं स्वच्छ दिसलं. पण गिऱ्हाईक पुसट म्हणतंय तर पुसट धरून चालायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. रेझोल्यूशन बघितलं, ते बरोबर होतं. मशीन उघडून ब्रशने धूळ झाडली. वायर बदलली. म्हटलं, आता ड्रायव्हर अपडेट करतो.

"मला अपडेट करणार?" दाजी म्हणाले. ताई आतून हसली.

कॉम्प्युटरमधल्या एका प्रोग्रामलाही ड्रायव्हरच म्हणतात, हे त्यांना समजावलं, तो नवा टाकला, गेम परत चालू केला. दाजींनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली. "छे. तसंच आहे."

मी स्कूटरवरून दुकानात गेलो आणि विकायला ठेवलेला कोरा मोठा मॉनिटर उचलून आणला. जोडला. इतकं देखणं चित्र की मलाच ट्रक हाकावासा वाटला. दाजी म्हणाले, "मोठं झालं. पण साफ नाही. तुझ्या दुकानात लोक येतात तरी कशाला, मला कळत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सरळ सांगतो, मला त्यांची खोड मोडायची होती. ते पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात मी गेमचं ग्राफिक्स जाईल तेवढं खाली आणून ठेवलं. झाडं पुठ्ठ्याची झाली, रस्ता चिखलासारखा, पाट्यांवरची अक्षरं विरघळून गेली. ताईला खुणेनेच गप्प राहायला सांगितलं. दाजी येऊन बसले.

"आता बघा," मी म्हटलं. "सगळ्यात भारी सेटिंग लावलंय."

त्यांनी थोडी गाडी चालवली. "हां," ते म्हणाले. "आता जरा बरं आहे. आधीच नीट केलं असतंस तर एवढा खटाटोप कशाला करावा लागला असता?"

मी खो खो हसलो. मांडीवर थाप मारून हसलो. ताईनेही तोंडाला पदर लावला. "अहो दाजी, याच्याहून घाण चित्र या मशीनमध्ये निघतच नाही."

हसता हसता ताई थांबली. मग माझंही हसू जागच्या जागी विरलं. दाजी पडद्याकडेच बघत होते. त्यांना अजूनही फरक दिसत नव्हता.

ताईने त्यांना खिडकीशी नेलं. "समोरच्या दुकानाची पाटी वाचा."

"रोज बघतो की. इस्त्रीवाला."

इस्त्रीवाला केव्हाच गेला होता. तिथे आता चष्म्यांचं दुकान होतं, आणि शपथेवर सांगतो, त्या क्षणी कुणालाही हसू आलं नाही. ताईने फक्त विचारलं, "अहो, मग उद्या सकाळी?"

म्हणजे कळलं ना? शाळेचा रस्ता त्यांना तोंडपाठ होता. कुठे खड्डा, कुठे गतिरोधक, कुठलं पोर कुठल्या फाटकाशी उभं, सगळं हाताला माहीत. त्यामुळे डोळे गेलेले त्यांना जाणवलेच नाहीत. गेममधला रस्ता तेवढा नवा होता.

"लायसन्सच्या वेळी डोळे तपासले असतील ना?" मी विचारलं.

"रांगेत माझ्यापुढच्याने अक्षरं मोठ्याने वाचली. मी तीच म्हटली." ते खुर्चीत बसले. "मला वाटलं, गाडी तर नीट चालते ना."

त्यांनी टेबलावरच्या स्टिअरिंगवर हात ठेवले. मग म्हणाले, "गेल्या आठवड्यात मी जोरात ब्रेक मारला होता."

"कुत्रं आडवं आलं तेव्हा?" ताई म्हणाली.

"कुत्रं नव्हतं."

त्यांच्या गाडीत सगळ्यांत धाकटी एक पोर होती. दाजी तिला चिमणी म्हणायचे. ती सगळ्यांत शेवटी उतरायची, तेव्हा गाडीत दुसरं कुणी नसायचं. त्या दिवशी उतरून ती गाडीपुढून पलीकडे निघाली होती, समोरून ऊन येत होतं, आणि दाजींना नुसता उजेड दिसत होता. ती किंचाळली म्हणून ब्रेक लागला. आई धावत बाहेर आली, आणि यांच्या तोंडून निघून गेलं की कुत्रं आडवं आलं.

"मी स्वतःलाही तेच सांगत राहिलो," दाजी म्हणाले. "खरंच कुत्रं असेल असं वाटायला लागलं मला. आणि हा कॉम्प्युटरच खराब निघाला असता तर किती बरं झालं असतं."

त्यांची मान वर होईना. त्यांना असं खाली बघताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मघाशी मांडीवर मारलेली थाप आठवून मला कुठे तोंड लपवू असं झालं.

ताईने लगेच मार्ग काढला. मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करून घेऊ. तोवर कंबर धरली म्हणून सांगू. दाजी आजारी पडले की बदली मीच जायचो, त्यासाठीचं लायसन्स माझ्याकडे होतं. "कुणाला काही कळायची गरज नाही," ती म्हणाली. मलाही ते पटलं. दाजी कॉम्प्युटर बंद करून आत गेले.

सोमवारी सकाळी मी व्हॅन काढली तर दाजी इस्त्रीचा शर्ट घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले. मला वाटलं, कमरेचं सांगायला येतायत. पहिल्याच फाटकाशी ते उतरले आणि तिथल्या बापाला म्हणाले, "मला नीट दिसत नाही. आजपासून गाडी मी चालवणार नाही. आधीच थांबायला हवं होतं, थांबलो नाही."

तो माणूस आधी हसला. त्याला थट्टा वाटली. मग त्याने आपल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

असं प्रत्येक दारी. कुणी फाडफाड बोललं. एक आई, जी स्वतः त्यांच्याच गाडीतून शाळेत गेली होती, तिने पोराला परत घरात नेलं. एक आजोबा समजूत घालायला लागले, वयोमानाने व्हायचंच. दाजी म्हणाले, "डोळे वयाने गेले. गप्प बसलो तो मी बसलो." मी स्टिअरिंग धरून समोर बघत होतो. परत गाडीत बसले की ते नुसतं म्हणायचे, "चल." कपाळावर घाम होता, पण त्यांनी एकही दार सोडलं नाही.

चिमणीचं घर सकाळीही शेवटचं. आई तिला घेऊन फाटकात उभी होती.

"त्या दिवशी कुत्रं नव्हतं," दाजी म्हणाले. "तुमची मुलगी होती. मला ती दिसली नाही."

त्या बाईचा चेहरा पांढरा पडला. ती ओरडेल म्हणून मी दार उघडून खाली उतरलो. पण तिने मुलीकडे बघितलं. "ही मला म्हणाली होती," ती म्हणाली. "काकांना मी दिसलेच नाही, असं म्हणाली. मी म्हटलं, काका खोटं बोलतील का? मी मारलं हिला. आणि दुसऱ्या दिवशी तुमची माफी मागायला लावली."

"हो," दाजी म्हणाले. "ती कान धरून सॉरी म्हणाली. मी म्हटलं, असू दे बाळा, पुन्हा खोटं बोलू नको."

हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. ताईलासुद्धा नाही.

ते गुडघे टेकून चिमणीसमोर बसले. कान धरायला हात वर नेला. चिमणीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती आईकडे बघत होती.

"म्हणजे मी खरंच बोलले होते ना?" तिने विचारलं.