खिडकीखाली साखर

मुंग्यांचं कौतुक मला ऐकवत नाही. शाळेच्या पुस्तकापासून ऑफिसातल्या ट्रेनिंगपर्यंत जो तो मुंगीची मेहनत आणि मुंगीची शिस्त सांगत सुटतो. सांगणाऱ्याच्या बापाच्या जखमेवर मुंग्या चढल्या असत्या, म्हणजे त्याला कळलं असतं शिस्त काय असते ते.

माझ्या बापाच्या चढल्या. मुंबईत नाहूरला आमचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. बाबा आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका गोदामावर वॉचमन. मधुमेह जुना, पण तो त्यांनी तंबाखूसारखा सांभाळला, म्हणजे लपवून. मग एकदा उजव्या पायाच्या करंगळीशी चप्पल घासून फोड आला. पाय बधिर झालेला, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही. आम्हाला कळलं तेव्हा फोडाची जखम झाली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "जखम स्वच्छ राहिली तर पाय राहील. चिघळली तर आधी बोटं जातील, मग घोट्यापासून पाय." हे सगळं माझ्या एकटीच्या अंगावर होतं. आईचे गुडघे कधीचेच गेलेले. इमारतीच्या दाराशी ज्या चार पायऱ्या आहेत, त्यासुद्धा तिला उतरता येत नाहीत. ड्रेसिंग करताना ती तोंड फिरवून स्वयंपाकघरात जायची.

एका सकाळी मी बाबांच्या पायावरची चादर उचलली आणि पट्टीवर बारीक तपकिरी मुंग्यांची रांग दिसली. खिडकीच्या चौकटीतून भिंतीवर, भिंतीवरून पलंगावर आणि पलंगावरून थेट पट्टीच्या आत. माझ्या हातून कात्री पडली. बाबा शांतपणे म्हणाले, "काय झालं गं? मला तर काही कळत नाही."

त्यांना कळत नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

त्या मुंग्या कुठून आल्या ते शोधायला डोकं लागत नव्हतं. सोसायटीने आदल्या वर्षी कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले होते. खाली नुसती रेती टाकून वर ठोकळे मांडले, फटींत सिमेंटचा पत्ता नाही. सेक्रेटरींनी त्यावर उभं राहून फोटोही काढले. महिनाभरात प्रत्येक फटीतून बारीक मातीचे ढिगारे वर आले. आत मुंग्यांनी अख्खी वसाहत थाटली होती, तीही आमच्या खिडकीला लागून.

मी सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, "ताई, आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर एक मुंगी नाही बघा. तुमच्या घरात काहीतरी गोड सांडत असणार. जरा स्वच्छता ठेवा ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या घरात डेटॉलच्या वासाने पाहुणा दारातूनच परत जातो, त्या घराला हा माणूस स्वच्छता शिकवत होता. मी त्यांच्या दारात उभं राहून एवढ्या मोठ्याने बोलले की शेवटी त्यांनी फवारणीवाला पाठवला. त्याने भसाभस औषध मारलं. एक रांग मेली. दोन-तीन दिवसांत ओट्याखालून, बाथरूमच्या जाळीतून आणि दाराच्या उंबऱ्यातून अशा नव्या रांगा निघाल्या. फवाऱ्याने वरच्या मरतात, खालचं घर तसंच राहतं आणि राहिलेल्या दुसरी वाट काढतात. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं की बाबा औषधाच्या वासाने संध्याकाळपर्यंत खोकत होते आणि मी एका फुकटच्या फवाऱ्यावर विश्वास ठेवला होता.

मग मी स्वतःच कंबर कसली. पलंग भिंतीपासून ओढला. चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, गावी दुधाच्या पातेल्याखाली परात ठेवतात तशा. चादर खाली लोंबू नये म्हणून गादीखाली खोचली. तरी दुसऱ्या सकाळी मुंग्या हजर! शोधत बसले. बाबांच्या हवेच्या गादीचा पंप होता, त्याची वायर प्लगपासून पलंगापर्यंत लटकत होती, आणि बाईसाहेब त्या वायरीवरून ओळीने चालत येत होत्या. मी वायरीला जाड व्हॅसलीन फासलं. पडदा वर बांधला. पट्टी बदलली की जुनी पट्टी लगेच पिशवीत बांधून बाहेर. चौकटीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटने भरल्या. जिथून रांग जायची ती जागा साबणाच्या पाण्याने पुसली, कारण एकीचा माग पुसला नाही तर उरलेल्या त्याच मागाने येतात.

शेवटचा उपाय विषाचा. कॅरमला लावतात ती बोरिक पावडर, अगदी चिमूटभर, साखरेच्या पाण्यात. जास्त घातली तर मुंगी तिथेच मरते. कमी घातली तर ती घरी नेते आणि सगळ्यांना भरवते. कापसाचा बोळा त्यात भिजवून मी बाटलीच्या झाकणात ठेवला, खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर, रांगेच्या अगदी वाटेत.

मुंग्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ वळसा घालून गेल्या. एक दिवस गेला, दोन गेले, बोळा वाळला. मुंगी साखर सोडून जाते हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्याच दिवसांत घरातली साखर संपायला लागली. ती फक्त पाहुण्यांच्या चहासाठी, वरच्या फळीवर ठेवलेली. मला वाटलं, बाबा! म्हातारपणी जीभ चाळवते. मी त्यांना फैलावर घेतलं. "बाबा, साखर खाल्लीत? खरं सांगा. पाय जायला निघालाय आणि तुम्ही साखर खाताय?"

बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "खाल्ली असेन थोडी."

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग एका रविवारी सकाळी मी रांगेच्या उलट्या दिशेने निघाले. कठड्यावरून खाली, भिंतीच्या कडेने, पेव्हर ब्लॉकवर. आमच्या खिडकीच्या बरोब्बर खाली, कोपऱ्यात, वडाच्या पानावर मूठभर कणीक आणि साखर! ताजी. माझं विष त्या पक्वान्नापुढे कोण खाणार? कुणीतरी रोज आमच्या खिडकीखाली पंगत वाढत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला उशिरा जायचं ठरवलं आणि दबा धरून बसले. सातच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या काकी आल्या. आमच्याच बाजूच्या, कुडाळकडच्या, रोज देवळात जाणाऱ्या. त्यांनी पिशवीतून पान काढलं, पुडी सोडली, वाकून नमस्कार केला. मी बाहेर धावले.

"काकी, पुण्य कमवायचं तर स्वतःच्या दारात कमवा ना! माझ्या बापाचा पाय सडतोय इथे! तुमच्या मुंग्या त्याचं मांस खातायत!"

अख्खी इमारत खिडकीत आली. सेक्रेटरी गॅलरीत, हातात ब्रश. मला तेच हवं होतं. कुणाच्या घरात गोड सांडतंय ते सगळ्यांना दिसू दे. मी काकींना नको नको ते बोलले. ढोंगी म्हटलं. त्या हातात रिकामी पुडी धरून उभ्या होत्या.

"मी नाय गो," त्या शेवटी म्हणाल्या. "माका कित्याक बोलतंस? तुझ्या आवशीक विचार."

मी वळले. आई खिडकीच्या गजांना धरून उभी होती. काकींच्या हातातली पुडी मी तेव्हा नीट बघितली. आमच्या घरच्या कॅलेंडरचा कागद होता.

घरात गेले तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आईला ओळखीच्या एका बाईने फोनवर सांगितलं होतं म्हणे, मुंग्यांना कणीक-साखर घातली की अंगावरचं दुखणं उतरतं. आईला खाली उतरता येत नाही, म्हणून ती काकींना पुडी द्यायची. आणि काकींना बजावलेलं, खिडकीखालीच घाला, म्हणजे मला वरून हात जोडता येतील.

"आई, तू वेडी आहेस का? सकाळ-संध्याकाळ मी मुंग्या झटकतेय आणि तू त्यांना जेवायला घालतेस?"

"ओरडा नको," आई म्हणाली. "माका काय कळात? मी ह्यांच्या पायासाठीच केलंय."

"साखर संपली तेव्हा मी बाबांना बोलले! तू ऐकत होतीस!"

बाबाच पलंगावरून बोलले, "मला माहीत होतं गं."

"मग बोलला का नाहीत? तुम्ही स्वतःच्या पायावर मुंग्या चढू दिल्यात?"

"मला चावलेलं कुठे कळतं," बाबा म्हणाले. "तिला दवाखान्यात येता येत नाही, जखम बघवत नाही. दिवसभर नुसती बसून असते. तेवढंच तिच्या हातात होतं. म्हटलं, करू दे."

मला त्या क्षणी दोघांचाही भयंकर राग आला. हा कसला संसार! एकीने प्रेमाने मुंग्या पाळायच्या, दुसऱ्याने प्रेमाने चावून घ्यायच्या आणि मी बाहेर जाऊन भलत्याच बाईच्या अब्रूचा पंचनामा करायचा. काकींकडे जाऊन मी माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण अजून माझ्याशी मोकळं बोलत नाहीत.

राग होता म्हणूनच मी थांबले नाही. पान उचललं, जागा धुतली. सेक्रेटरींची वाट न बघता सिमेंट आणून खिडकीखालच्या सगळ्या फटी मी गुडघ्यावर बसून बुजवल्या. त्याआधी काही दिवस विषाचे बोळे पुन्हा ठेवले होते. दुसरं काही खायला नव्हतं, त्यामुळे या वेळी मुंग्यांनी झाकण काळं करून टाकलं. हळूहळू रांग विरळ झाली, मग नाहीशीच. पट्टीवर पुन्हा मुंगी दिसली नाही. आई हे सगळं गजांमागून बघत होती.

पुढे बाबांची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, रक्तच पोचत नव्हतं, मुंग्यांचा संबंध नाही. आणि जखम एवढी स्वच्छ ठेवली म्हणून पाय वाचला. मी हे आईला दोनदा समजावून सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग बाबांच्या पायावर पांघरूण घालत म्हणाली, "दोन बोटां तुझ्या शिमिटाखाली गेली."

"आणि उरलेला पाय माझ्या सिमेंटमुळेच राहिला," मी ओरडले.

तेव्हापासून आम्ही दोघी तिथेच अडलो आहोत. ती मागे हटत नाही, मी तर मुळीच नाही. फटीत मातीचा कण दिसला की मी सिमेंटची पिशवी काढते, आणि आई मुद्दाम भांडी आपटते. बाबा मात्र दोघींनाही हो म्हणतात. जिच्या हातून चहा येतो तिची बाजू घेतात, आणि तो बिनसाखरेचा चहा असा चवीने पितात की मला त्यांच्यावर चिडताही येत नाही.