नांदेड ते हॅम्बर्ग: एका चांदीच्या डबीचा प्रवास

भेटीसाठी काढलेल्या व्हिसावर मी मातीला निघाले.

आण्णा, माझा थोरला भाऊ, तीस वर्षं जर्मनीत हॅम्बर्गला होता. आजारी होता म्हणून उन्हाळ्यात जाऊन यायचं ठरवलं होतं. त्याआधीच तो गेल्याचा वहिनीचा फोन आला. आम्हा लिंगायतांत माणसाला पुरतात, आणि पुरताना त्याचं इष्टलिंग (आयुष्यभर गळ्यात बाळगायचं लहान शिवलिंग) त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. परदेशी जाताना आण्णाने ते आईच्या हवाली केलं होतं. आईनंतर निलंग्याच्या देवघरात मीच त्याची पूजा करत आले. तिकडच्या दफनभूमीने गुरुवारी सकाळी अकराची वेळ दिली होती. तोवर मी पोचले नाही तर आण्णा रिकाम्या हाताने जाणार होता.

मंगळवारी सकाळी लातूरची माझी जाऊ महानंदा मला नांदेडच्या विमानतळावर सोडायला आली. मोठ्या बॅगेची फाटकी शिवण तिने लाल दोऱ्याने जाड टाके घालून पक्की केली होती.

"आक्का, कडक भाकरी वरच्या पिशवीत ठिवली हाय. इमानात काय देतेत कुणाला ठाव!"

तपासणीच्या दारात पोलीस बाईंनी आण्णाचं लिंग ठेवलेली माझी चांदीची डबी उचलली.

"मावशी, काय हाय यात? उघडा बघू."

त्यांचा हात पुढे आला आणि मी डबी ओढूनच घेतली. एकाच्या लिंगाला परक्याचा हात लागू नये, दुसऱ्याचं आपण गळ्यात घालू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पुढे अजून किती दारं, किती हात! मी काउंटरवर परत गेले, विनवणी करून मोठी बॅग मागे घेतली, डबी विभूतीच्या पुडीशेजारी ठेवली आणि बॅग पुन्हा त्यांच्या ताब्यात दिली. आता कुणाचा हात लागणार नाही, असं मला खरोखर वाटलं.

विमान उठलं. गोदावरी एवढीशी झाली, ज्वारी काढलेली काळी रानं घोंगडीसारखी पसरली. साठ वर्षं ज्या मातीवर चालले, ती मी पहिल्यांदा वरून पाहत होते.

हैदराबादला पुढचं विमान तीन तास उशिरा सुटलं. त्यामुळे आखातातल्या विमानतळावर उतरले तेव्हा जर्मनीचं विमान निघून गेलेलं. काउंटरवरच्या करड्या दाढीच्या माणसाने हिंदीत विचारलं, "कहाँ से, मॅडम?"

"नांदेडहून. मी निलंग्याची."

त्याने हातातला पेन खाली ठेवला. "अवो, मी देगलूरचा! सलीम. बसा आक्का, पयले पाणी प्या."

"माझं विमान गेलं हो. आता नवं तिकीट..."

"कायचं नवं? नांदेडपून हॅम्बर्गपर्यंत तिकीट एकच हाय ना? मंग पोचवायची जिम्मेदारी कंपन्यांची. करार असतो त्यांचा. निलंग्याच्या स्टँडवर कर्नाटकची गाडी येती का न्हाई?"

"येते."

"दोन सरकारांनी सह्या केल्या, तवा येती. तसंच हे. फकस्त इथं कंडक्टर वरडत न्हाई."

चार दिवसांत मी पहिल्यांदा हसले, आणि लगेच डोळे भरले. पाचवीत असताना त्याच स्टँडवर मी आण्णाला विचारलं होतं, दुसऱ्या राज्याची गाडी आपल्याकडे कशी? "शब्द दिलाय एकमेकांना," तो म्हणाला होता.

सलीमभाईंनी मला तिसऱ्याच कंपनीच्या इस्तंबूलच्या विमानात जागा करून दिली. "बॅग कंच्या इमानात घालतेत, ते मात्र आत्ता सांगता येईना."

मी त्यांना डबीचं सांगितलं.

"म्हंजे भाकरी काखंत अन् देव इमानाच्या पोटात? उलटं केलंत की आक्का." मग हळूच म्हणाले, "नंबर लिहून घेतो. मागं लागून ऱ्हातो मी." मी त्यांना दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. त्यांनी कागद उघडून नुसता वास घेतला.

पुढच्या विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता. माझा चहा संपायच्या आत एक देश मागे पडला, दुसरा आला. तिकिटाबरोबरची बारीक अक्षरं मी सवयीने वाचली होती. जन्मभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, छापलेलं सोडवत नाही. जमिनीसारखं आकाशही ज्याचं त्याचं असतं. कोणी वरून जायचं, कोणी उतरायचं, चुकलेल्या प्रवाशाला आणि सामानाला कोणी सांभाळायचं, हे देशोदेशींनी बसून लिहून ठेवलं आहे. खाली ज्यांचं पटत नाही, त्यांनीही वरून वाट दिली होती. त्या वाटेने निलंग्याची एक बाई भावाच्या मातीला चालली होती. मी खिडकीला हात जोडले.

इस्तंबूलला विमान बदलून बुधवारी दुपारी हॅम्बर्गला उतरले. सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला. माझी बॅग नव्हती. बाहेर वहिनीने मिठी मारली आणि एवढंच विचारलं, "आणलंस?"

मी तिला बॅगेची पावती दाखवली.

हरवलेल्या सामानाच्या काउंटरवरच्या कारकुनाने घरचा पत्ता लिहून घेतला. बॅग दारात आणून देणं आमच्यावर बंधनकारक आहे, म्हणाला. कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

गुरुवारी पावणेदहाला आम्ही चपला घालत असताना बेल वाजली. दारात एक उंच गोरी बाई, हातात कामाचे मोजे आणि लाल टाक्यांची आमची बॅग. मुठीला विमानतळांच्या पाच कागदी पट्ट्या लटकत होत्या. एकीवर मी कधी न पाहिलेल्या शहराचं नाव. तिने सही घेतली, मान हलवली आणि गेली. आपण काय पोचवलं, हे तिला कधीच कळणार नाही.

अकरा वाजता वहिनीने आण्णाचा डावा तळहात उघडला. मी त्याच्या कपाळाला विभूती लावली, लिंग ठेवलं आणि एकेक बोट मिटवलं.

पंधरा दिवसांनी नांदेडला परतले. बाहेरच्या दाराशी त्याच पोलीस बाई उभ्या होत्या. त्यांनी मला ओळखलं.

"मावशी, त्या दिशी डबी हिसकून घेतली होतीत की!"

मी पर्समधून डबी काढली आणि आपण होऊन त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी झाकण उघडलं.

"रिकामीच हाय की हो."

"हो," मी म्हटलं. "ज्याचं त्याला पोचलं."

त्यांनी झाकण अलगद लावलं आणि डबी दोन्ही हातांनी मला परत दिली.