काळ्या पडद्यावरचा ‘शे’

मुलांनो, माणसाला त्याचा स्वतःचा आवाज एकदा ऐकवला की तो सुधारतो, यावर आमच्या समोरच्या मास्तरांइतका विश्वास ठेवणारा आणि त्यापायी इतक्या सातत्याने तोंडावर पडणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

नाशिक रोडला आमच्या कॉलनीत ते राहायचे आणि जवळच्याच शाळेत मराठी शिकवायचे. उच्चार सुधारणे हा त्यांचा धर्म होता. आरतीत कोणी ‘संकटी पावावे’चे ‘संकष्टी’ केले की टाळ थांबवत. पंचवटीच्या बाजारात एक भाजीवाली म्हणाली, “लय ताजी मेथी हाय.” मास्तर म्हणाले, “आहे म्हणा, मावशी.” ती म्हणाली, “हाय म्हनलं तरी ताजी, आहे म्हनलं तरी ताजी. घ्यायची का नाय?” मास्तर मेथी न घेताच परत आले आणि त्यांच्या घरी त्या दिवशी पिठलं झालं.

नव्वदच्या दशकात त्यांच्या मेहुण्याने आखातातून खांद्यावर धरायचा व्हिडिओ कॅमेरा आणला आणि मास्तरांना मोक्षाचा मार्ग सापडला. मुलांचे प्रकट वाचन चित्रित करायचे आणि रविवारी त्यांनाच दाखवायचे. कॅसेट लावायचे यंत्र आमच्याकडे होते, त्यामुळे हा मोक्ष माझ्या दिवाणखान्यात व्हायचा. पुसलेल्या फरशीवर चिखलाचे पाय उमटायचे, मी सतरंजी घालायचे आणि ती गुंडाळून मुले तिच्यावर टेकून बसायची. पडद्यावर स्वतःला पाहून वाचनाकडे लक्ष देणारे एकही मूल मला दिसले नाही. “सर, माझा भांग वाकडा दिसतोय.” “सर, हा मागे नाकात बोट घालतोय बघा.” एका मुलाने तर पुढच्या वेळी वडिलांचा गॉगल घालून धडा वाचला. मास्तर कपाळाला हात लावून माझ्याकडे बघत, “वहिनी, मी यांना आरसा दाखवला, हे त्यात पावडर लावतायत.”

त्यांची खरी काळजी एका मुलीची होती. ती नामपूरकडची. घरी अहिराणी बोलत आणि अहिराणीत ‘आहे’ला म्हणतात ‘शे’. पुस्तकात ‘माझे घर नदीच्या काठावर आहे’ असे छापलेले असले तरी ती बोट ठेवून वाचायची, “मन्हं घर नदीना काठवर शे.” वर्ग हसायचा, मग ती गप्प व्हायची. इथल्या एका गोदामात काम करणाऱ्या तिच्या वडिलांनी बजावले होते, तोंडी परीक्षेत नापास झाली तर शाळा बंद, सरळ गावी. मास्तर मला म्हणाले, “वहिनी, ती वाचत नाही, भाषांतर करते. म्हणजे तिला सगळं कळतंय. पण परीक्षकाला हे कोण सांगणार?”

पहिल्या रविवारी पडद्यावर ती दिसताच मुले हसली. तिने फ्रॉकमध्ये तोंड लपवले आणि स्वतःचा एक शब्दही ऐकला नाही. मास्तरांनी चहाही घेतला नाही. पुढच्या खेपेला त्यांनी मोठ्या निर्धाराने चित्रण केले, पण भिंगावरचे झाकण काढायला विसरले. रविवारी कॅसेट लावली तर पडदा काळाकुट्ट. मास्तर यंत्र बंद करायला उठले. “आता हेही गेलं,” एवढेच म्हणाले. पण आवाज येत होता. बघायला काही नव्हते, म्हणून मुले प्रथमच ऐकू लागली. भांग नाही, गॉगल नाही, नुसता अंधार आणि त्यातून येणारा तिचा बारीक आवाज. कोणी हसले नाही. वाचन संपल्यावर ती सतरंजीवर बोट फिरवत म्हणाली, “सर, पुस्तकमा ‘आहे’ शे.”

मास्तरांचा चेहरा मला अजून दिसतो. आयुष्यात प्रथमच त्यांनी कोणाला दुरुस्त केले नाही.

तोंडी परीक्षेत तिने पानावरचे सगळे ‘आहे’ जसेच्या तसे वाचले. ती पास झाल्याचे सांगायला मास्तर चप्पल घालायचे विसरून तिच्या घरी धावले. वडील सामान बांधत होते. गोदाम बंद पडले होते. “मास्तर, पोर पास व्हयनी,” ते म्हणाले, “पण मन्हं कामच गयं.” ती माणसे गेली. गावी तिला कोणी शाळेत घातले की नाही, ते आम्हाला कधीच कळले नाही. मास्तरांनी तिथल्या शाळेला पत्रे पाठवली, उत्तर आले नाही. पुढे त्यांनी कॅमेरा मेहुण्याला परत केला. त्या कॅमेऱ्यात मग कोणाकोणाची लग्ने चित्रित झाली.

मास्तर निवृत्त झाले, थकले. ती कॅसेट मात्र त्यांनी जपली. अधूनमधून संध्याकाळी घेऊन येत. मी यंत्र लावायचे आणि आम्ही दोघे म्हातारे काळ्या पडद्याकडे बघत बसायचो. तुमचे आजोबा म्हणत, “काय बघताय?” खरोखर काहीच दिसत नसे.

एकदा असेच ते जायला उठले तेव्हा वीज गेली. मी दारातून विचारले, “मास्तर, बॅटरी आहे ना बरोबर?”

जिन्यातल्या अंधारातून त्यांचा आवाज आला, “शे, वहिनी. शे.”