तलाव बांधणाऱ्यांची डॉक्टरकी

आमच्या घराण्यात चार पिढ्यांनी तलाव बांधले. त्यामुळे जगातलं सगळं आपल्यालाच कळतं, असा घरातल्या प्रत्येक पुरुषाचा समज होता. मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तर या समजाचे मालकच.

स्वातंत्र्यानंतर आठ-दहा वर्षांनी केशोरीहून येताना मी बैलबंडीवरून पडलो. खांदा दुखावला म्हणून गोंदियाला फोटो काढला. हाड मोडलं नव्हतं. पण उजव्या दंडाच्या हाडात चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखं काही दिसलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. कानाच्या वरच्या भागात असतं तसल्या मऊ हाडाची गाठ आहे. तिनं हाडाची भिंत खाल्लेली नाही, बसल्या जागी ती दुखतही नाही. “छेड़ो मत. छह महीने बाद फिर फोटो निकालेंगे. बढ़ी, तो खुरचकर निकाल देंगे.”

मोठेबाबा दवाखान्याच्या दारातच थुंकले. “पाळीले झिर लागली त सा महिने वाट पाहून राहाचा का? त्याच दिवशी खनून काढा लागते.”

पाळ म्हणजे तलावाचा बांध, झिर म्हणजे त्यातून पाझरणारं पाणी. आयुष्यात त्यांनी तेवढंच पाहिलं होतं. हाड मातीचं नसतं, हे त्यांना कोण सांगणार? मी नागपुरात शिकून आलेला. मीही सांगितलं नाही. त्यांच्यासमोर मान खाली घालायची आमच्याकडे रीत होती आणि या लाचारीला आम्ही संस्कार म्हणत असू.

त्यांना हवं तेच बोलणारा डॉक्टर मिळेपर्यंत आम्ही हिंडलो. तिसरा मिळाला. गाठ कसली ते सांगता येत नाही, म्हणाला. जोखीम नको असेल तर हात खांद्यापासून काढू. आधी एक तुकडा तपासून पाहावा, हे त्याला सुचलं नाही, आम्हाला विचारावंसं वाटलं नाही. “काढा,” मोठेबाबा म्हणाले. जणू हात त्यांचाच.

हात गेला. पंधरवड्यानं तपासणीचा कागद आला: गाठ साधी होती, पसरणारी नव्हती. मी तो घरी मोठ्यानं वाचून दाखवला. मोठेबाबांनी समाधानानं मान हलवली. “पाहा, बिघडाच्या आधीच काढली आपन.” ओसरीवरच्या सगळ्यांनी हो म्हटलं.

मला त्यांची कीव येत नाही, किळस येते. पण ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं संमतीचा कागद पुढे केला, तेव्हा मोठेबाबा बाहेर सुपारी कातरत बसले होते. खोलीत घरचं कुणी नव्हतं. सही मीच केली, उजव्या हातानं, चांगली वळणदार.